लहान मुलांच्या फुप्फुसातली रक्ताची गुठळी: आमचा अनुभव, आणि तुमचे असतील तर लिहा

रानजाई

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम निघाला. यात मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिनं लघवीवाटे वाहून जातात. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना सकाळी उठल्याबरोबर पापण्या बघायची सवय लागलेली असते. पापणी जड दिसली की लघवीत पट्टी बुडवायची, पिवळ्याचा हिरवा किती गडद झाला ते वहीत लिहायचं, लागोपाठ तीन दिवस ३ प्लस आलं की डॉक्टरांना फोन. चार वर्षांत हे सगळं अंगवळणी पडलं होतं. संसर्ग जपायचा, मीठ जपायचं, स्टिरॉइड अचानक बंद करायचं नाही, हे मला पाठ होतं. या आजारात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं असेल तर माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. म्हणून हा धागा.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि त्याला सर्दीपाठोपाठ पुन्हा सूज आली. स्टिरॉइड सुरू झालं, लघवी वाढवायचं औषधही सुरू झालं. त्यातच दोन दिवस उलट्या-जुलाब. पोटात पाणी टिकेना. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "आई, श्वास घेतला की इथे टोचतं," आणि उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. थोडा खोकला होता. जवळच्या दवाखान्यात नेलं. छातीत कफ असेल, न्यूमोनियाची सुरुवात असेल म्हणून वाफ आणि अँटिबायोटिक दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ.

त्या रात्री तो झोपेना. उशी उभी करून बसला होता. कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र कपाटात होतं, ते काढून लावलं. ऑक्सिजन ९१, नाडी १३८. ताप नव्हता. मला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की ताप नाही, छातीत घरघर नाही आणि नाडी मात्र अशी धावतेय.

आम्ही साताऱ्याहून रात्रीच पुण्याला निघालो. तिथे इमर्जन्सीत एक तरुण निवासी डॉक्टर होती. मी "न्यूमोनिया आहे" असं सांगायला लागले तेव्हा तिने मला थांबवलं आणि विचारलं, "आधीचा काही आजार?" नेफ्रोटिक म्हटल्यावर ती एक क्षण गप्प झाली. मग तिने त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर केली, शिवणकामाला असते तसल्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजल्या, आणि लघवीचा रंग लाल झाला होता का ते विचारलं. एकदा झाला होता. मला वाटलं होतं पाणी कमी प्यायल्यामुळे.

एक्स-रे जवळपास स्वच्छ. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन १.६, म्हणजे फारच कमी. मूत्रपिंडाची तपासणी बघून, रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन छातीचा सीटी केला, त्यात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी. पायाच्या शिरा मोकळ्या होत्या. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत दुसरी गुठळी सापडली, बहुधा तिचाच तुकडा सुटून वर गेला होता.

आता तो घरी आहे, रक्त न गोठण्याची इंजेक्शनं चालू आहेत. नातेवाईक म्हणतात, "लहान मुलांना कुठे गुठळ्या होतात, हे म्हाताऱ्या माणसांचं दुखणं." मलाही तसंच वाटायचं. कुणाला अनुभव असेल तर लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनीही लिहा, मला अजून बऱ्याच गोष्टी कळलेल्या नाहीत.

ताम्हण

रानजाई, वाचताना पोटात गोळा आला. ती डॉक्टर देवासारखी भेटली तुम्हाला. मुलाला खूप आशीर्वाद. एक विचारते, नेफ्रोटिकमध्येच का होतं असं? प्रथिनं कमी झाली तर रक्त उलट पातळ व्हायला हवं ना?

पाऊलवाट

मी बालरोगतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं शासकीय रुग्णालयात काम केलंय. ताम्हण यांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

रक्तात गोठवणारी प्रथिनं असतात तशी गोठणं आवरणारीही असतात. त्यातलं एक महत्त्वाचं म्हणजे अँटिथ्रॉम्बिन. त्याचा रेणू आकाराने साधारण अल्ब्युमिनएवढाच, त्यामुळे गाळणी फाटली की अल्ब्युमिनसोबत तेही लघवीतून जातं. इकडे यकृत तूट भरून काढायला जोरात कामाला लागतं आणि फायब्रिनोजेनसारखी गोठवणारी प्रथिनं जास्त बनवून ठेवतं. म्हणजे लगाम सुटला आणि घोडा अधिक ताजातवाना. त्यात अंगावर सूज असली तरी रक्तवाहिन्यांच्या आतलं पाणी कमी झालेलं असतं. जुलाब, उलट्या किंवा लघवी वाढवणारं औषध यांनी ते आणखी आटतं. रानजाई यांच्या मुलाच्या बाबतीत हे सगळं एकाच आठवड्यात जुळून आलं. नेफ्रोटिक असलेल्या शंभरातल्या साधारण तीन मुलांना कधी ना कधी गुठळीचा त्रास होतो. अल्ब्युमिन २ च्या खाली असताना धोका जास्त.

"म्हाताऱ्यांचं दुखणं" हे नातेवाइकांचं म्हणणं अगदीच चूक नाही. निरोगी मुलाला अशी गुठळी होणं फार दुर्मीळ. कॅनडातल्या नोंदणीचे आकडे १९९४ साली प्रसिद्ध झाले, त्यात सगळ्या मुलांत मिळून १०,००० मागे ०.०७ असं प्रमाण होतं. पण रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांत तेच १०,००० मागे ५.३ निघालं. अमेरिकेतल्या मुलांच्या रुग्णालयांत २००१ मध्ये १०,००० भरतींमागे ३४ होतं, ते २००७ पर्यंत ५८ झालं. ज्या मुलांना आधी वाचवता येत नसे ती आता वाचतात, त्यांच्या मोठ्या शिरांमध्ये दिवसेंदिवस नळ्या असतात, आणि शोधायची साधनंही वाढली. सगळ्यात मोठं एकटं कारण या नळ्याच, ज्याला आपण सेंट्रल लाईन म्हणतो. वय बघितलं तर तान्ही बाळं आणि वयात येणारी मुलं-मुली, या दोन टोकांना धोका जास्त.

मुलांत हे उशिरा लक्षात येतं याचं कारण मुलाचं शरीर फार वेळ सांभाळून घेतं. मोठा माणूस ज्या गुठळीने कोसळेल तेवढीच असलेलं मूल दोन दिवस "जरा दमल्यासारखं" दिसतं. शिवाय लक्षणं न्यूमोनियासारखी किंवा दम्यासारखी, आणि ते आजार शेकडो पटींनी जास्त. त्यामुळे दवाखान्यातल्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी न्यूमोनिया वाटला यात मला नवल वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र थांबून बघायला हवं होतं. ताप नाही, घरघर नाही, तरी ऑक्सिजन कमी आणि नाडी फार जोरात, आणि मुलाला आधीचा मोठा आजार. हे जुळत नाही असं वाटलं पाहिजे.

मोठ्यांत डी-डायमर नावाची रक्ततपासणी निगेटिव्ह आली की कमी धोक्याच्या रुग्णात गुठळी बरीचशी नाकारता येते. मुलांत त्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे "डी-डायमर करून घेऊ आणि मोकळे होऊ" असं मुलांत चालत नाही. शंका असेल तर डॉपलर, सीटी हे करावंच लागतं.

कोकणकडा

पाऊलवाट, सेंट्रल लाईनचं तुम्ही लिहिलंत म्हणून लिहितो. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी रक्ताचा कर्करोग झाला, एएलएल प्रकारचा. आता ती अकरा वर्षांची आहे आणि बरी आहे. उपचारात सुरुवातीच्या महिन्यात एल-अ‍ॅस्परॅजिनेज नावाचं औषध असतं आणि दंडात पिक लाईन, म्हणजे दंडाच्या शिरेतून आत सरकवलेली लांब नळी. आमच्या वॉर्डातल्या सगळ्या आयांना ठाऊक होतं की लाईनमधून रक्त परत येईना झालं तर नर्सला लगेच सांगायचं.

तिचा एक दिवस डावा दंड उजव्यापेक्षा जाड वाटला. मला नाही कळलं, तिच्या आजीला कळलं. बांगडी चढेना. नुसती प्लास्टिकची बांगडी, रोज घालायची ती, कोपराच्या वर सरकवून खेळायची सवय होती तिला. आजी म्हणाली, "कालपर्यंत सरकत होती." मग नीट बघितलं तर खांद्याजवळ छातीवर निळ्या शिरांची जाळी उठून दिसत होती. डॉपलर केलं, काखेतल्या शिरेत गुठळी. फुप्फुसात गेली नव्हती. आम्हाला वाटलं लाईन लगेच काढतील, पण काही दिवस आधी इंजेक्शनं दिली आणि मग काढली. त्या दिवसांत मला फार राग यायचा, की काढत का नाहीत.

पाऊलवाट

लगेच ओढून काढली तर नळीला चिकटलेला तुकडा सुटायची भीती असते. म्हणून तीन ते पाच दिवस रक्त न गोठण्याचं औषध देऊन मग काढतात. ती लाईन चालू आणि गरजेची असेल तर ठेवतातही. हे तुम्हाला त्याच वेळी कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

अ‍ॅस्परॅजिनेज यकृतात बनणारं अँटिथ्रॉम्बिनच कमी करतं. आजार वेगळा, पण फटका त्याच प्रथिनाला. या औषधावर असलेल्या मुलाचं डोकं सतत दुखू लागलं, उलट्या झाल्या, झटका आला तर मेंदूच्या शिरेतल्या गुठळीचा विचार करावा लागतो. तुमच्या आईंची नजर तरबेज आहे.

शेवग्याची शेंग

आमच्या भाच्याचं सांगते. विदर्भातलं गाव, मुलगा बारा वर्षांचा. कबड्डी खेळताना पडला, मांडी दुखायला लागली. दोन दिवसांनी सडकून ताप. मुका मार म्हणून मालिश केली, शेकलं. पाय सुजला तेव्हा तालुक्याला नेलं. हाडात पू झाला होता. ऑपरेशन करून पू काढला, पण चौथ्या दिवशी धाप लागली. फुप्फुसात पसरलंय म्हणाले. मांडीच्या शिरेत गुठळी होती आणि त्यातूनच. सव्वा महिना रुग्णालयात होता. वाचला. आम्ही तेव्हा "पू पसरला" एवढंच समजलो होतो, आज हा धागा वाचून गुठळीचा अर्थ लागला.

पाऊलवाट

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. हाडाचा पू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जंतूमुळे होतो. हाडाला लागून जाणारी खोल शीर सुजते, तिच्यात गुठळी धरते, आणि ती जंतूंनी भरलेली असते. तिचे कण फुप्फुसात जाऊन जागोजागी गळवं करतात. आपल्याकडे हे मी पुस्तकांपेक्षा वॉर्डात जास्त पाहिलंय. पडल्यानंतर हाड दुखतंय, जोराचा ताप आहे आणि मूल पायावर उभं राहत नाही, तर मालिश अजिबात करू नये. आणि अशा मुलाला धाप लागली तर त्याच पायाच्या शिरांचं डॉपलर मागावं.

रुडॉल्फ फिर्शो यांनी १८५६ मध्ये फुप्फुसातल्या गुठळ्यांवर जे लिहिलं, त्यावरून पुढे तीन कारणांचं एक त्रिकूट मांडलं गेलं: रक्त साचून राहणं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा, आणि रक्तातच गोठायची ओढ वाढणं. या धाग्यातल्या तिन्ही मुलांकडे बघा. भाच्याची शीर सुजली होती आणि पाय हलत नव्हता. कोकणकड्याच्या मुलीच्या शिरेत नळी होती आणि रक्तात औषध. रानजाईंच्या मुलाचं रक्तच घट्ट झालं होतं. निरोगी, पळणाऱ्या मुलात यातलं सहसा काहीच नसतं.

दुपारचा_चहा

आम्ही नेदरलँड्समध्ये लायडनजवळ राहतो. माझी मुलगी सोळा वर्षांची. पाळीत खूप रक्तस्राव व्हायचा म्हणून तिला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या सुरू होत्या. दिवाळीला अ‍ॅमस्टरडॅमहून मुंबईला आलो, पूर्ण प्रवास ती खिडकीशी पाय दुमडून झोपली. तिसऱ्या दिवशी ठाण्यात पोटरी दुखायला लागली. सगळे म्हणाले, पेटका आला, पाय चेपून दे. मी चेपला नाही, कारण एकच पाय दुखत होता आणि तो गरम लागत होता. डॉपलरमध्ये गुठळी निघाली, गुडघ्यामागच्या शिरेत.

गंमत अशी की रक्त गोठायची ओढ वाढवणारा जो जनुकीय बदल युरोपात सगळ्यात जास्त सापडतो, त्याला आमच्याच गावाचं नाव आहे, फॅक्टर फाइव्ह लायडन. १९९४ मध्ये तो इथेच शोधला गेला. आम्हाला वाटलं तोच असणार. तिच्या तपासणीत तो नव्हता. गोळ्या आणि प्रवास, एवढीच कारणं सापडली. मुलींना पीसीओडीसाठी, पाळीसाठी या गोळ्या सर्रास देतात. आयांनो, घरात कुणाला कमी वयात गुठळी झाली असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. माझ्या सासऱ्यांना चाळिशीत झाली होती. मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

पाऊलवाट

फॅक्टर फाइव्ह लायडन भारतीयांत युरोपीय लोकांपेक्षा बरंच कमी आढळतं. आपल्याकडे प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन या गोठणं आवरणाऱ्या प्रथिनांची जन्मजात कमतरताही तपासावी लागते. पण एक लक्षात ठेवा, गुठळी ताजी असताना आणि औषध चालू असताना यातल्या बऱ्याच तपासण्या फसव्या येतात. रक्त न गोठण्याच्या औषधांपैकी हेपॅरिनने अँटिथ्रॉम्बिन कमी दिसतं, वॉरफॅरिनने प्रोटीन सी आणि एस कमी दिसतात. नेफ्रोटिकमध्ये तर अँटिथ्रॉम्बिन कमी असणारच. त्यामुळे घाईने हजारो रुपयांची तपासणी करून "जन्मजात दोष" असा शिक्का मारून घेऊ नका. कधी करायची ते रक्तविकारतज्ज्ञांना ठरवू द्या. मुंबईत परळला राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे या विषयाचं काम चालतं.

सातपुडा

मी आश्रमशाळेत शिक्षक आहे. आमच्याकडे सिकलसेलची मुलं आहेत. त्यांनाही होतं का हे?

पाऊलवाट

गुरुजी, होऊ शकतं. सिकलसेलच्या मुलाला छातीत दुखून धाप लागली तर बहुतेक वेळा तो फुप्फुसातला सिकलचा झटका असतो, पण गुठळीही तशीच दिसते. तुम्ही दोन्हींत फरक करायच्या भानगडीत पडू नका. १०८ ला फोन करा आणि फोनवरच "सिकलसेलचं मूल आहे" हे आधी सांगा. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोनदा वाचलं सगळं.

मला इंजेक्शनांबद्दल लिहायचंय, कारण सुरुवातीला सगळ्यात जास्त भीती मला त्याचीच वाटली. एनॉक्सापॅरिन, म्हणजे हेपॅरिनपासूनच केलेलं औषध, दर बारा तासांनी, पोटावर कातडीखाली. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. मुलाचं वजन २४ किलो, त्याला सुरुवातीला किलोला १ मिलिग्रॅम म्हणजे २४ मिलिग्रॅम. मिळते ती सिरिंज मोठ्या माणसाची. मग नर्सताईंनी युक्ती शिकवली. औषध एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असेल तर इन्सुलिनच्या १०० युनिटवाल्या सिरिंजमध्ये एक युनिट म्हणजे एक मिलिग्रॅम. २४ च्या रेघेपर्यंत भरायचं. त्यांनी माझ्याकडून तीनदा भरून घेतलं, तिन्ही वेळा रेघ स्वतः तपासली, मगच घरी सोडलं. ४० युनिटवाली सिरिंजही दुकानात मिळते, ती चुकूनही घ्यायची नाही, असं पुडक्यावर लाल पेनने लिहून दिलं.

चार दिवसांनी रक्तातली औषधाची पातळी तपासली, इंजेक्शननंतर चार तासांनी. ०.५ ते १ च्या मध्ये हवी होती, ०.३ आली. डोस वाढवला. तेव्हा कारण कळलं नव्हतं. हेपॅरिन अँटिथ्रॉम्बिनच्या मदतीनेच काम करतं आणि तेच लघवीतून जात होतं, हे आता पाऊलवाट यांचं वाचून जोडता आलं.

बेंबीपासून दोन बोटं सोडून चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ आत, सावकाश ढकलायचं, बाहेर काढल्यावर चोळायचं नाही. चोळलं की काळंनिळं होतं. मी पहिल्या आठवड्यात चोळायचे, सवयीने.

ताम्हण

शाळेत जातो का? आणि हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून करतात असं ऐकलं, खरं आहे का? आमच्या घरी हा प्रश्न निघाला असता म्हणून विचारते.

पाऊलवाट

खरं आहे. हेपॅरिन आणि त्यापासून केलेलं एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून येतं. कुणाच्या श्रद्धेला अडचण असेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, पण बोलण्यासाठी डोस चुकवू नका. फोंडापॅरिनक्ससारखी प्रयोगशाळेत बनवलेली औषधं आहेत. तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी डाबिगाट्रान आणि रिव्हारोक्साबान यांना अमेरिकेत २०२१ मध्ये मुलांसाठी मंजुरी मिळाली. कोणतं कुणाला चालेल ते मूत्रपिंड, यकृत, वय आणि वजन बघून ठरतं.

जुनं वॉरफॅरिन अजून बऱ्याच मुलांना द्यावं लागतं. त्यात पालक, मेथी, अळू यांतल्या के जीवनसत्त्वाचा औषधाशी झगडा होतो. आईवडील ही भाजी साफ बंद करतात, ते चुकीचं. रोज साधारण सारखी खाऊ द्या, श्रावणात एकदम ढीगभर आणि नंतर शून्य असं नको.

आणखी एक. या औषधांवर असताना ताप आला तर पॅरासिटामॉलच. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन स्वतःहून देऊ नका. कमरेत इंजेक्शन घेऊ नका. पावसाळ्यात डेंग्यूची शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, प्लेटलेट उतरत असताना हे औषध धोक्याचं ठरू शकतं.

रानजाई

शाळेत जातो. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली आहे, खो-खो आणि कबड्डी बंद. कॅरम आणि स्कोअर लिहायचं काम त्याच्याकडे आहे. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक कार्ड ठेवलंय: आजाराचं नाव, औषधाचं नाव, डोस, आमचा फोन. आता कुठल्याही दवाखान्यात गेले तरी मी पहिलं वाक्य तेच बोलते, "याला नेफ्रोटिक आहे आणि गुठळी होऊन गेली आहे." खोकला नंतर सांगते.

कोकणकडा

हे पहिलं वाक्य मी आजपासून उचललं.

रानजाई

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. गेल्या सोमवारी डॉपलर झाला. मूत्रपिंडाची शीर मोकळी झालीये. अल्ब्युमिन ३.४. लघवीची पट्टी महिनाभर पिवळीच. चार महिने पूर्ण करून काल सकाळचं इंजेक्शन शेवटचं होतं. पुन्हा सूज आली आणि अल्ब्युमिन खाली गेलं तर काय करायचं ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. जुलाब झाले तर लघवी वाढवायच्या औषधाबद्दल आधी फोन करायचा, हेही.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याने रोज दोन अक्षरं लिहिली होती, "डा" आणि "उ", पोटाची कुठली बाजू झाली ते. काल संध्याकाळी सात वाजता तो आपणहून येऊन शर्ट वर करून उभा राहिला. मग आठवलं आणि हसून पळाला.

शेवग्याची शेंग

डोळ्यांत पाणी आलं वाचून. सुयांचं काय केलंत? आमच्याकडे भाच्याच्या सुया पडून होत्या घरात.

रानजाई

जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवल्या, झाकण टेपने बंद केलं आणि पुढच्या तपासणीला जाताना रुग्णालयातच परत दिला. घंटागाडीत टाकायच्या नाहीत, कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला लागतात. असे दोन डबे भरले आमचे.